हेडचं काम झाल्यावर गाडी चढावर नॉक मारते? डिस्ट्रिब्युटर फिरवण्याआधी कॅमचं टायमिंग तपासा

तक्रार साधारण अशी असते. हेड गॅस्केट गेलं म्हणून हेड उतरवलं, फेसिंग मारून (म्हणजे त्याची खालची बाजू घासून सपाट करून) घेतलं, हात लागलाच आहे तर टायमिंग बेल्टही नवा टाकला. गाडी गॅरेजमधून बाहेर आली तेव्हा सपाट रस्त्यावर झकास पळत होती. पहिला मोठा चढ लागला, तिसऱ्या गिअरला वेग पडला, पाय दाबला आणि बॉनेटखालून खडखड सुरू झाली. पाय सैल केला की आवाज बंद. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर (प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारा भाग) थोडा मागे घेतला, म्हणजे ठिणगी उशिरा पडू लागली आणि ती खडखड, म्हणजेच नॉकिंग, थांबलं. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा डिस्ट्रिब्युटर मागे. आता नॉकिंग कमी आहे, पण पिकअप गेलाय, ॲव्हरेज पडलाय आणि घाटात टेम्परेचरचा काटा वर सरकतोय.

मी हे कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ८०० समोर ठेवून लिहितोय. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं एफ८बी इंजिन, हेडमध्ये एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा), तो बेल्टवर चालतो. या गाड्या अजून गावोगाव आहेत आणि त्यांचं काम बहुतेक वेळा खुणा डोळ्यांनी जुळवून केलं जातं. बाकी ओव्हरहेड कॅमच्या कुठल्याही पेट्रोल इंजिनाला यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं.

आधी आवाज नक्की कसला आहे ते ठरवा. टॅपेटचा टिकटिक आवाज न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीलाही येतो आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो. बिग एंडच्या बेअरिंगचा ठोका जड असतो आणि स्पार्क तीन-चार अंश मागे घेतला तरी हटत नाही. डिटोनेशनचा, म्हणजे नॉकिंगचा, आवाज कोरडा, पातळ, धातूवर धातू खडखडल्यासारखा. तो फक्त लोड आल्यावर येतो आणि स्पार्क मागे घेतला की लगेच कमी होतो. तसा तो कमी झाला, तर नॉकिंगच आहे हे पक्कं झालं. पण म्हणून चूक स्पार्कमध्येच होती हे त्यातून सिद्ध होत नाही. सगळा घोटाळा नेमका इथेच होतो.

कॉम्प्रेशन कुठून सुरू होतं

गाडीच्या कागदावर लिहिलेला कॉम्प्रेशन रेशो ही शुद्ध भूमिती आहे. पिस्टन तळाशी असतानाची जागा भागिले पिस्टन वर असतानाची जागा. त्यात कॅम कुठेच येत नाही. प्रत्यक्षात मात्र पिस्टन तळातून वर निघाला तरी इनलेट व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो. तो तळाच्या पुढे क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याच्या) ४०, ५०, कधी ६० अंशांवर बंद होतो. मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, कारण जास्त फेऱ्यांना आत शिरणाऱ्या हवेला स्वतःचा वेग असतो आणि पिस्टन वर येऊ लागला तरी ती आत येत राहते. कमी फेऱ्यांना तो वेग नसतो, म्हणून आत आलेल्या हवेतली थोडी उलटी मॅनिफोल्डमध्ये जाते. व्हॉल्व्ह बंद झाल्यावरच खरं दाबणं सुरू होतं. म्हणून कमी फेऱ्यांना, चढावर, इंजिनाला जाणवणारं कॉम्प्रेशन इनलेट बंद होण्याच्या क्षणावर ठरतं.

हे किती मोठं प्रकरण आहे ते आकड्यांत बघू. एफ८बीचा बोअर ६८.५ मिमी आणि स्ट्रोक ७२ मिमी. गणितासाठी रेशो ८.७, कनेक्टिंग रॉड ११५ मिमी आणि इनलेट तळाच्या पुढे ५० अंशांवर बंद होतो असं धरू. त्या क्षणी पिस्टनला वर जायला ७२ पैकी ६२.५ मिमी उरलेले असतात. त्यावरून खरा रेशो येतो साधारण ७.७.

आता बेल्ट एक दात चुकीचा बसवा. कॅमच्या पुलीला ४० दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, आणि क्रँक कॅमच्या दुप्पट फिरतो म्हणून क्रँकचे १८ अंश. कॅम एक दात पुढे बसला तर इनलेट ५० ऐवजी ३२ अंशांवरच बंद होतो आणि खरा रेशो ८.३ वर जातो. एक दात मागे बसला तर तो ६८ अंशांवर बंद होतो आणि रेशो ६.८ वर येतो. इंजिन तेच, पिस्टन तेच, हेड तेच. फक्त एका दातानं एवढा फरक.

समुद्रसपाटीला कॉम्प्रेशन गेजवर हेच आकडे ढोबळमानानं १५५ पीएसआयच्या जागी १७० किंवा १३२ असे दिसतील. तुमच्या इंजिनाचे खरे आकडे मॅन्युअलमध्ये बघा; इथे महत्त्वाचं आहे ते त्यांच्यातलं अंतर.

फेसिंगची भर यात वेगळी. हेडचा अर्धा मिमी उडवला तर याच इंजिनाचा भूमितीचा रेशो ८.७ वरून जास्तीत जास्त ९.१ पर्यंत जाऊ शकतो. गॅस्केट आधीपेक्षा ०.३ मिमी पातळ मिळालं तर त्यानं आणखी पाव अंक चढतो. हेड खाली आल्यानं कॅम किंचित मागे पडतो हे खरं, पण पाव मिमी फेसिंगला तो जेमतेम क्रँकचा अर्धा अंश. त्यामुळे फेसिंगनं वाढलेलं कॉम्प्रेशन कॅम आपोआप सांभाळून घेईल ही आशा फोल आहे. फेसिंग आणि एक दात पुढे, दोन्ही एकाच कामात झालं तर नॉकिंग येणारच.

आणि ठोका का पडतो

प्लगनं पेटवल्यावर ज्योत एका टोकापासून पसरत जाते. तिच्या पुढे जे मिश्रण अजून जळायचं असतं ते दाबलं जातं आणि तापत जातं. ज्योत पोहोचेपर्यंत ते थांबलं तर ठीक. नाही थांबलं तर ते सगळं एकदम पेटतं, दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहते आणि तोच आवाज आपल्याला ऐकू येतो. एवढ्या बोअरच्या सिलिंडरमध्ये तो साधारण ८ किलोहर्ट्झच्या आसपास घुमतो, म्हणून इतका कोरडा वाटतो.

म्हणजे ही शर्यत वेळेची आहे. १५०० आरपीएमला क्रँकचे ४० अंश जायला साडेचार मिलिसेकंद लागतात, ४५०० ला दीड. तिसऱ्या गिअरला घुसमटत चढताना त्या मिश्रणाला तापत बसायला तिप्पट वेळ मिळतो. त्यात इनलेट लवकर बंद झाला असेल तर कमी फेऱ्यांना सिलिंडर जास्त भरतो आणि जास्त दाबला जातो. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येतात: कमी फेऱ्या, पूर्ण थ्रॉटल.

उंचीचाही संबंध आहे. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना नॉकिंग पायथ्याशी जास्त आणि माथ्यावर कमी वाटतं, कारण वर हवाच विरळ असते. कराड-पुण्याच्या उंचीला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ६ टक्क्यांनी कमी असतो, महाबळेश्वरला १५ टक्क्यांनी. पुण्याच्या गाडीचं कॉम्प्रेशन रत्नागिरीच्या गाडीशी ताडून बघू नका. पुण्याला १४५ दिसलं तर ते रत्नागिरीच्या १५५ एवढंच आहे.

टायमिंग लाइट ही चूक का दाखवत नाही

या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हेडच्या मागच्या टोकाला कॅमवरच चालतो. बेल्ट एक दात पुढे बसला की कॅमबरोबर स्पार्कही १८ अंश पुढे जातो. मिस्त्री टायमिंग लाइट (ठिणगी पडते त्या क्षणी चमकणारा दिवा) लावतात, स्पार्क भलताच पुढे दिसतो, ते डिस्ट्रिब्युटर फिरवून खूण जागेवर आणतात आणि काम बरोबर झालं असं धरतात. पण टायमिंग लाइट स्पार्क आणि क्रँक यांचंच नातं दाखवते. कॅम कुठे आहे हे तिला कळत नाही. उलट डिस्ट्रिब्युटर नीट केल्यामुळे कॅमच्या चुकीचा सहज दिसणारा पुरावा पुसला जातो.

आमच्या आत्याची कराडची ८०० अशीच महिनोन्महिने फिरत होती. हेड गॅस्केटचं काम एका गॅरेजमध्ये झालेलं. नॉकिंगची तक्रार केली की प्रत्येक वेळी स्पार्क मागे घेतला जायचा. कॉम्प्रेशनही तपासलं होतं, तिन्ही सिलिंडर १६० च्या वर आणि जवळजवळ सारखे, म्हणून "इंजिन एकदम तंदुरुस्त आहे, आत्या" असं सांगून गाडी परत दिली. कराडच्या उंचीला या इंजिनात एवढा आकडा आला की कौतुक करण्याऐवजी शंका यायला हवी. तिन्ही सिलिंडर एकसारखे जास्त येतात तेव्हा कारण तिघांना सामाईक असतं: कॅम, हेडची जाडी, गॅस्केट किंवा साचलेला कार्बन.

मी व्हॉल्व्ह कव्हर काढलं, प्लग काढले आणि एक नंबरचा पिस्टन ओव्हरलॅपच्या टीडीसीला (पिस्टनची सगळ्यांत वरची जागा) आणला. ओव्हरलॅप म्हणजे एक्झॉस्ट संपतोय आणि इनलेट सुरू होतोय तो टीडीसी, कॉम्प्रेशनचा नव्हे. तिथे चांगल्या जुळलेल्या कॅमवर दोन्ही रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारे दांडे) थोडेथोडे दाबलेले असतात, दोन्ही व्हॉल्व्ह जवळजवळ सारखेच उघडे. इथे इनलेटचा रॉकर चांगला खाली गेलेला आणि एक्झॉस्टच्या रॉकरखाली फीलर गेजचं पान सहज सरकत होतं. एक्झॉस्ट बंद झालेला, इनलेट केव्हाच उघडलेला. कॅम पुढे आहे हे तिथेच कळलं. बेल्टचं कव्हर उतरवल्यावर क्रँकची खूण बाणासमोर आणि कॅमची खूण बरोबर एक दात पुढे.

तपासणी कुठल्या क्रमानं करावी

सुरुवात कॉम्प्रेशन गेजनं करा. इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, कॉइलची वायर सुटी, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं रीडिंग फुकट जातं, आणि ही चूक मी फार ठिकाणी होताना बघतो. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दाब द्या. एकच सिलिंडर कमी आला तर तो व्हॉल्व्ह किंवा रिंगचा प्रश्न आहे. चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघा, वाढलं तर रिंग. तिन्ही सारखे कमी आले आणि गाडी जोर धरत नाही, तर कॅम मागे असण्याची शक्यता मोठी. तिन्ही सारखे जास्त आले आणि कमी फेऱ्यांना नॉकिंग आहे, तर कॅम पुढे, नाहीतर चेंबर (पिस्टनच्या वरची, मिश्रण जळायची जागा) लहान झालाय.

कॅम मागे असल्याची शंका असेल तर व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारा) उपयोगी पडतो. निरोगी इंजिन आयडलला साधारण ४३० ते ५३० मिमी पारा दाखवतं, उंचीवर दर ३०० मीटरला २५ मिमी कमी धरा. काटा स्थिर आहे पण बराच खाली आहे, तर स्पार्क किंवा कॅम उशिरा चालतोय. चालत्या गाडीत झिजलेला किंवा सैल बेल्ट दात सोडतो तेव्हा कॅम बहुधा मागेच पडतो. अशा गाडीला सुरुवातीला नॉकिंग नसतं, नुसती मरगळ असते. मग कुणीतरी जोर यावा म्हणून डिस्ट्रिब्युटर पुढे घेतो आणि मधल्या फेऱ्यांना नॉकिंग सुरू होतं. म्हणजे कॅम मागे असूनही शेवटी तक्रार नॉकिंगचीच येते. म्हणून नुसत्या आवाजावरून कॅम पुढे की मागे हे ठरवू नका.

रस्त्यावर दोन्हींतला फरक असा ओळखता येतो: कॅम पुढे असलेली गाडी खालच्या फेऱ्यांना चपळ वाटते आणि वर गेल्यावर दम टाकते. कॅम मागे असलेली गाडी उठायला आळशी आणि फेऱ्या वाढल्यावरच जराशी जागी होते.

यानंतर ओव्हरलॅपच्या टीडीसीची रॉकरची तपासणी. त्यासाठी टीडीसी खरा हवा. फ्लायव्हीलची खूण आणि प्लगच्या भोकातून टाकलेल्या पातळ काडीची उंची, दोन्ही जुळतात का बघा. काडी मऊ लाकडाची किंवा प्लॅस्टिकची घ्या. लोखंडी स्क्रूड्रायव्हर तिरका अडकला तर पिस्टनवर ओरखडा येतो. त्याआधी टॅपेटची गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) मॅन्युअलप्रमाणे करून घ्या, कारण गॅपही टायमिंगच आहे. गॅप जास्त असेल तर इनलेट उशिरा उघडतो आणि लवकर बंद होतो, म्हणजे दाब थोडा वाढतो. एक्झॉस्टची गॅप कमी असेल तर तो व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही, थंड होत नाही, लाल होतो आणि प्लगच्या आधीच मिश्रण पेटवू लागतो. हा आजार डिटोनेशनपेक्षा वाईट. यात पिस्टनला भोक पडतं.

खुणा चुकलेल्या निघाल्या तर बेल्ट उतरवून पुन्हा बसवताना एकच काळजी घ्यायची: टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) नसलेल्या बाजूला बेल्ट ताणलेला राहिला पाहिजे. त्या बाजूला ढील राहिली की टेन्शनर दाबल्यावर कॅम सरकतो आणि आपण जुळवलेली खूण डोळ्यांदेखत एक दात हलते. टेन्शनर आवळण्याआधी इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं पान्यानं दोन पूर्ण फेरे हातानं द्या आणि खुणा पुन्हा बघा. कुठे अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका. स्टार्टर मारून बघू म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका.

वरवरचे उपाय

महाग पेट्रोल टाकून बघा असं सांगितलं जातं. पंपावर मिळणाऱ्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं ऑक्टेन आता साधारण ९५ आहे, पूर्वीच्या ९१ पेक्षा जास्त. त्यामुळे काही गाड्यांची नॉकिंगची तक्रार आपोआप दबली असेल. पण कॅमची चूक तशीच राहते, आणि कार्ब्युरेटरच्या गाडीला इथेनॉलमुळे मिश्रण लीन पडतं. जेट तेच, पण इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे त्याच हवेला पेट्रोल कमी पडल्यासारखं होतं. लीन मिश्रणावर लोड घेतलेलं इंजिन तापतं. चोक किंचित ओढल्यावर नॉकिंग कमी होत असेल तर कार्ब्युरेटरही बघा.

दुसरा उपाय काही लोक मुद्दाम करतात: नॉकिंग जावं म्हणून कॅमच एक दात मागे बसवतात. नॉकिंग जातं, कारण खरा रेशो पडतो. असा उशिरा बंद होणारा इनलेट काही इंजिनांत मुद्दाम ठेवलेला असतो, १९९७ साली आलेल्या टोयोटा प्रियसपासून बऱ्याच हायब्रिड गाड्या त्यावरच चालतात. पण तिथे भूमितीचा रेशो १३ च्या घरात ठेवलेला असतो, कमी फेऱ्यांची ताकद मोटर भरून काढते आणि कॅम तसाच घडवलेला असतो. ८.७ च्या इंजिनात कॅम १८ अंश मागे नेणं म्हणजे खालची ताकद फेकून देणं. शिवाय त्याबरोबर एक्झॉस्टही उशिरा बंद होतो आणि इनलेट उशिरा उघडतो, त्यामुळे आयडल बिघडतो.

स्पार्क मागे घेत राहण्याचा तोटा सगळ्यांत महागडा. उशिरा पेटलेलं मिश्रण एक्झॉस्टमध्ये जळत राहतं, व्हॉल्व्ह आणि हेड तापतं, पाणी तापतं. मग थर्मोस्टॅट काढा, फॅन डायरेक्ट करा, रेडिएटर बदला अशी मालिका सुरू होते. तापलेलं हेड पुन्हा वाकतं, गॅस्केट पुन्हा जातं, आणि पुन्हा फेसिंग मारलं की रेशो आणखी वर. काही गाड्यांची ही साखळी मी डोळ्यांनी बघितली आहे आणि त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण पहिल्याच वेळी कव्हर काढून खुणा बघितल्या असत्या तर हे काहीच झालं नसतं.

कॅम बरोबर निघाला आणि तरी नॉकिंग आहे, तर मग चेंबरकडे वळा. जुन्या हेडची जाडी व्हर्नियरनं मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. मर्यादेखाली गेलं असेल तर जाड गॅस्केट किंवा दुसरं हेड, तिसरा मार्ग नाही. व्हॉल्व्ह गाइडचे सील गेले असतील तर चेंबरमध्ये ऑइल येतं. ऑइल मिसळलेलं पेट्रोल ऑक्टेन कमी असल्यासारखं वागतं, वर कार्बनही साचतो. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन नंतर थांबत असेल तर हे सील आधी बदला.

कॅम जागेवर आणल्यावर स्पार्क पुन्हा नव्यानं लावावा लागतो, कारण डिस्ट्रिब्युटर जुन्या चुकीशी जुळवलेला असतो. तो तसाच ठेवला तर कॅम मागे आणल्यावर स्पार्क आणखी १८ अंश मागे जाईल आणि गाडी कदाचित सुरूच होणार नाही. लोक इथे घाबरून बेल्ट पुन्हा जुन्या दातावर नेतात. घाबरू नका, डिस्ट्रिब्युटर मोकळा करा, लाइट लावा, मॅन्युअलच्या अंशांवर आणा.

मग गाडी त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, पूर्ण पायाखाली चालवा. परत आल्यावर प्लग काढून पोर्सिलेन उन्हात धरून बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. त्यावर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चंदेरी बारीक कण चिकटलेले दिसले तर नॉकिंग अजून चालू आहे, आणि चंदेरी कण हे पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. असे कण दिसले तर गाडी घाटात नेऊ नका, आधी हेड पुन्हा उतरवा आणि पिस्टनच्या कडा आणि रिंगमधली जागा तपासा.